ऊन पाणी आणि उन्हाचे पाणी

आपल्या मराठीत ‘ऊन’ हा शब्द दोन कामे करतो. अंगणात पडते ते ऊन, आणि न्हाणीत घंगाळातून वाफाळते ते पाणीही ऊन. या दोन उन्हांची गाठ अलीकडे आमच्या घरात पडली आणि तीवरून बराच वाद झाला. न्हाणीतला तांब्याचा बंब पुन्हा दुरुस्त करून घ्यावा, की गच्चीवर सोलर बसवून सूर्याकडून पाणी तापवून घ्यावे? प्रश्न एवढाच. पण तो आमच्या एकट्याचा नाही. शिकवणीच्या निमित्ताने दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या मराठी घरांत माझे जाणे-येणे असते. त्यांतल्या बऱ्याच घरांत बंब अजून उभा आहे. काही घरी तो रोज पेटतो, काही घरी दिवाळीपुरता पेटतो, आणि जेथे पेटत नाही तेथेही त्याच्याविषयी कोणी वाकडा शब्द काढलेला खपत नाही. म्हणून आमच्या घरी काय झाले आणि त्यातून माझे मत काय बनले, ते सांगतो.

आधी घराची थोडी ओळख. माझे वडील, अण्णा, बडोदे दरबारचे गवई. मात्र दरबारच्या अगदी शेवटच्या वर्षांतले. आजोबा कलावंत कारखान्यात होते. अण्णांचे नाव सोळाव्या वर्षी त्या पटावर चढले, आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. दरबार गेला, पण त्याची शिस्त त्यांच्या अंगातून गेली नाही. मी त्यांचे शेंडेफळ. मला कळू लागले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. तरीही पहाटे चारला स्नान, साडेचारला तंबोरा आणि उजाडेपर्यंत खरज हा क्रम २०११ साली ते गेले त्याच्या दोन महिने आधीपर्यंत चुकला नाही. स्नान ऊन पाण्याचेच हवे. गार पाण्याने अंग आखडते आणि आखडलेल्या अंगातून खरज मोकळा होत नाही, असे ते म्हणत. मीही शिष्यांना तेच सांगतो.

हे पाणी तापे बंबात. १९६२ साली आईच्या लग्नात तो तिच्या माहेराहून आला. पुण्याच्या तांबट आळीत घडवलेला, चाळीस लिटरचा, ठोक्यांच्या खुणा अजून मोजाव्यात असा. ज्या तरुण वाचकांनी बंब पेटता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याची रचना सांगतो. तांब्याचे एक उभे पिंप. त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत गेलेली एक रुंद नळी. नळीच्या तळाशी जाळी आणि तिच्याखाली राख पडायला जागा. विस्तव नळीत, पाणी नळीभोवती. बाजूच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतावे, की वरच्या तोटीतून तेवढेच ऊन पाणी बाहेर पडते. एकही भाग फिरणारा नाही, विजेचा संबंध नाही, आणि जळायला काहीही चालते: बाभळीच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या, गोवरी, सुताराकडचे तुकडे. साठ वर्षांत त्याला तीन-चारदा डाख द्यावा लागला, यापलीकडे खर्च नाही. ज्याने कोणी तो प्रथम घडवला त्या कारागिराला माझा नमस्कार आहे.

आता जे सांगायचे ते सांगतो. अण्णांच्या पहाटेच्या रियाजाच्या गोष्टी आमच्या वर्तुळात पुष्कळ सांगितल्या जातात. मी स्वतः भाषणांतून सांगितल्या आहेत. ‘चाळीस वर्षांत एक पहाट चुकली नाही’ असे म्हटले की श्रोते माना डोलावतात. पण अण्णांना चारला ऊन पाणी मिळावे म्हणून आई सव्वातीनला उठत असे, हे मी एकाही भाषणात सांगितलेले नाही. आदल्या रात्री ढलप्या फोडून ठेवायच्या, पहाटे राख काढायची, जाळी झाडायची, काकडा पेटवायचा, तो धरेपर्यंत फुंकणीने फुंकत बसायचे. दरबारात कलावंतांची हजेरी वहीत लागे, रजा वहीत लागे. पाणी तापवणाऱ्यांची हजेरी कोणत्याच वहीत लागली नाही. वर्षातले थंडीचे आणि पावसाळी गारठ्याचे दिवस धरले तर दोनशे पहाटे तरी ती अशी उठे. आणि अशी वर्षे जवळजवळ पन्नास.

हे माझ्या लक्षात आले ते शहाणपणाने नव्हे, नाइलाजाने. २०२२ च्या नोव्हेंबरात आईच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी धुराजवळ बसायला मनाई केली. अण्णा गेल्यावरही बंब चालूच होता. आता पहाटेचे पाणी मला आणि साडेपाचला येणाऱ्या शिष्यांपूर्वी आवरून घेणाऱ्या घरातल्या मंडळींना लागे. सौ. ने सरळ सांगितले, “आईंचे काम मी पुढे चालवणार नाही. तुम्हाला बंबाचे एवढे प्रेम आहे, तर तुम्ही पेटवा.” मी म्हटले, पेटवतो. त्यात काय आहे?

त्यात काय आहे ते पुढच्या चार महिन्यांत कळले.

मी गणिताच्या ताला-मात्रांत वाढलेला माणूस. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून जळण तोलून घेऊ लागलो आणि एका वहीत मांडू लागलो. चौघांच्या स्नानाला बंबभर, म्हणजे चाळीस लिटर, कढत पाणी पुरे; त्यात गार पाणी मिसळून घ्यायचे. तेवढे पाणी अठरा अंशांवरून सत्तर अंशांवर नेण्याला जी उष्णता लागते ती वाळलेल्या लाकडाच्या अर्ध्या किलोहून थोड्या जास्त भागात असते. मला रोज सव्वादोन किलो लागत. म्हणजे चार ढलप्यांतली एक पाण्याला आणि तीन धुराड्याला. जळण ओले आले तर हिशेब याहूनही वाईट. लाकडातले पाणी आधी उडवावे लागते, आणि ते उडेपर्यंत विस्तव धुमसतो. संपूर्ण हिवाळ्यात पावणेतीनशे किलोच्या आसपास जळण गेले. वखारीतून ते आणणे, फोडणे, जिन्याखाली रचणे, वाळवी लागू न देणे, हे सगळे त्यात आले.

पण वहीत मांडता आला नाही तो धूर. विस्तव धरेपर्यंतची पहिली दहा मिनिटे सर्वांत वाईट. न्हाणी चिंचोळी, खिडकी लहान. गारठ्यामुळे दार उघडे ठेवावेसे वाटत नाही. डिसेंबर संपता संपता माझा तार षड्ज फाटू लागला. आधी मला वाटले सर्दी असेल. मग लक्षात आले की रविवारी दुपारी गळा ठीक असतो आणि पहाटे, बंब पेटवून तंबोऱ्याशी बसलो की, मंद्रात खरखर आणि तारेत चीर. गाणाऱ्याने गळ्याला तेल-तुपाचे पथ्य सांभाळावे, दही टाळावे, आणि रियाजाला बसण्यापूर्वी दहा मिनिटे धूर ओढावा! जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे की घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. तो हिशेब मुख्यतः स्वयंपाकाच्या धुराचा आहे हे खरे; पण फुप्फुसाला चुलीचा धूर आणि बंबाचा धूर यांत फरक कळत नाही. शिवाय दार लावून घेतलेल्या न्हाणीत निखारे फुललेले असले, की वास नसलेला विषारी वायू साठतो, तो वेगळाच.

आणि त्याच दिवसांत मला आईचा खोकला आठवला. ‘आठवला’ हे म्हणणेही लाजिरवाणे आहे, कारण तो कधी थांबलाच नव्हता. आमच्या घरात त्याला कोणी दुखणे म्हणत नसे. तो आईचा स्वभाव समजला जाई. लहानपणचे एक दृश्य डोळ्यांसमोर आहे. अण्णांनी तंबोरा लावला आहे, मी मागे बसून डुलक्या घेतो आहे, आणि न्हाणीतून खोकल्याची उबळ ऐकू येते. अण्णा डोळे न उघडता म्हणतात, “अगं, खोकायचे असेल तर ओटल्यावर जाऊन खोक.” आणि आई पदर तोंडाशी धरून जानेवारीच्या पहाटे बाहेर ओटल्यावर जाते. ज्या पाण्याने अण्णांचे अंग मोकळे झाले ते तापवताना लागलेला खोकला रियाजात नको होता. अण्णा कठोर नव्हते. त्यांना तो संबंध दिसला नाही. मलाही चाळीस वर्षे दिसला नाही.

त्या हिवाळ्याच्या शेवटी बंबाची आतली नळी गळू लागली. मांडवीकडच्या कंसाऱ्याने पाहून सांगितले की आता डाख टिकणार नाही, नळीच बदलावी लागेल. वादाला तेथून तोंड फुटले.

मी सोलरच्या बाजूने झालो असलो तरी लाकडाची बाजू पोकळ नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. लाकूड पुन्हा उगवते. तोडले तेवढे पुन्हा वाढू दिले तर जाळलेल्या लाकडाचा कर्ब झाडात परत जातो. दगडी कोळशाच्या विजेचे तसे नाही. आपल्याकडे गांडा बावळ तर इतका माजला आहे की तो तोडला तर शेतकरी दुवाच देईल. बंबाला मेघांची पर्वा नाही. पाहुणे आले तर दुसरा बंब, तिसरा बंब तापवता येतो. आणि पैशाचे म्हणाल तर बंब हरत नाही. आमचे हिवाळ्याचे जळण अडीच हजार रुपयांच्या आसपास झाले. सोलरला पंचवीस हजारांहून अधिक लागले. नुसत्या हिवाळ्याच्या जळणाशी तोलले तर पैसे फिटायला दहा वर्षे हवीत. आमचे एक आप्त, जे आयुष्यभर हिशेबखात्यात होते, त्यांनी हा हिशेब मांडून मला निरुत्तर केले असे त्यांना वाटले. मी एवढेच विचारले, “यात आईचा पहाटेचा तास कोणत्या दराने धरला?” तो शून्याने धरला होता. आपल्या बहुतेक जुन्या घरांतले हिशेब याच रीतीने स्वस्त पडलेले आहेत.

‘धुराडे उंच करून घ्या, धूर बाहेर जाईल’ असाही सल्ला मिळाला. सल्ला बरोबर आहे आणि ज्यांना बंब ठेवायचाच आहे त्यांनी तो जरूर मानावा. पण पोळीतल्या घराचा ‘बाहेर’ म्हणजे शेजाऱ्याचा ‘आत’. आमचे धुराडे जेथे निघाले असते तेथून चार हातांवर शेजारच्या काकूंची खिडकी आहे.

आता उन्हाच्या पाण्याविषयी. सोलर म्हणजे काही जादू नाही. बंबाइतकेच ते साधे आहे. एक उथळ पेटी, तिच्यात काळ्या पत्र्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या, वर काच. ऊन काचेतून आत येते, काळा पत्रा तापतो, नळीतले पाणी तापून हलके होते आणि आपोआप वरच्या टाकीत चढते. गार पाणी त्याच्या जागी खाली येते. पंप लागत नाही. शंभर लिटरला दोन चौरस मीटरची पेटी पुरते. पेटीचे तोंड दक्षिणेला, आणि हिवाळ्यातला सूर्य खाली असतो म्हणून तिची चढण जरा अधिक. टाकीभोवती उष्णता धरून ठेवणारे जाड अस्तर असते. माझी वही सांगते की संध्याकाळी साठ अंश असलेले पाणी पहाटे चारला पंचावन्नावर असते. म्हणजे आदल्या दिवसाचे ऊन दुसऱ्या दिवशी पहाटे अंगावर घ्यायचे.

हे काही कालपरवाचे खूळ नाही. मुंबईत राहणारे विल्यम ॲडम्स यांनी सूर्याच्या उष्णतेचे प्रयोग करून १८७८ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले होते. गुजरात राज्याची ऊर्जा विकास संस्था १९७९ साली निघाली आणि तिचे कार्यालय बरीच वर्षे आपल्याच शहरात होते. ज्या दरबाराचे गायक फैयाजखाँसाहेब ‘आफताब-ए-मौसिकी’, म्हणजे संगीताचा सूर्य, म्हणून ओळखले गेले, त्या दरबाराच्या शहराने खऱ्या आफताबाला गच्चीवर जागा द्यायला कचरू नये.

बडोद्याचे हवामान या कामाला फार अनुकूल आहे. ज्या महिन्यांत ऊन पाणी खरोखर हवे असते, त्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आपले आकाश बहुधा निरभ्र असते. आकाश झाकलेले असते ते आषाढ-श्रावणात. आणि तेव्हा नळाचे पाणीच हिवाळ्यासारखे गार नसते. गरज आणि सूर्य यांची अशी जोडी सगळ्याच गावांना लाभत नाही.

तरी अडचणी आहेत, त्या लपवून मत देणे बरे नव्हे. पहिली अडचण छपराची. भरलेली टाकी आणि पेटी मिळून वजन दोनशे किलोच्या घरात जाते. ज्यांचे घर अजून कौलारू आणि लाकडी वाशांचे आहे त्यांनी जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय वर काही चढवू नये. आमच्या घराचा मागचा भाग १९८४ साली स्लॅबचा झाला म्हणून आमचे निभावले. दुसरी अडचण हक्काची. जुन्या घराची अगाशी चार भावांत सामाईक असते, आणि पाणी तापण्याआधी चार भाऊ तापतात. यावर मला एकच उपाय ठाऊक आहे: आधी बोलावे, मग नळ ओढावा. तिसरी अडचण पाण्याची. आजव्याचे पाणी चालते. पण बोअरचे जड पाणी असेल तर नळ्यांत खर धरतो आणि दोन-चार वर्षांत पेटी निकामी होते. अशांनी वेगळ्या प्रकारची, आतले पाणी आणि न्हाणीचे पाणी निराळे ठेवणारी रचना घ्यावी. चौथी अडचण आपल्या शहराची खास: उत्तरायण. काचेच्या लांब नळ्यांचा सोलर स्वस्त पडतो. पण १४ जानेवारीला अगाशीवर वीस पोरे, फिरक्या आणि लाथा यांच्यामध्ये त्या नळ्या टिकतील अशी मला उमेद नव्हती, म्हणून आम्ही जाड काचेची चपटी पेटी घेतली. पाचवी: गच्चीपासून न्हाणीपर्यंतच्या नळीत रात्रभर गार झालेले तीन-चार लिटर पाणी आधी बाहेर येते. ते मोरीत सोडू नये. आमच्याकडे त्याची बादली भरते आणि तुळशीला व धुण्याला जाते.

आणि ढगाळ दिवस? पहिल्या हिवाळ्यात पाणी कोमट राहिले असे सहा दिवस निघाले, दुसऱ्यात नऊ. त्या दिवसांसाठी टाकीत विजेची कांडी आहे. कोणी म्हणेल, मग सरळ विजेचा किंवा गॅसचा गिझरच का नको? घराला छप्परच नसेल, खोल्या भाड्याच्या असतील, तर जरूर गिझर घ्यावा. त्यात कमीपणा नाही. मात्र गॅसचा गिझर बंद न्हाणीत कधीही लावू नये, त्याचाही धोका निखाऱ्यांसारखाच आहे. पण ज्यांच्या माथ्यावर स्वतःची गच्ची आहे आणि तिच्यावर वर्षातले आठ महिने रखरखीत ऊन पडते, त्यांनी शंभर लिटरमागे रोज तीनेक युनिट वीज जाळणे मला उधळपट्टी वाटते.

आम्ही २०२३ च्या ऑक्टोबरात सोलर बसवला. दोन हिवाळे व दोन पावसाळे पाहून हे लिहीत आहे. माझा गळा पहिल्याच डिसेंबरात सुधारला.

पण या वादात सर्वांत मोठा विरोध आला तो आईचा, आणि तोच मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटला. धुराविषयी, खोकल्याविषयी मी बोललो ते तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “ते सगळे खरे. पण मग पहाटे उठून मी करू काय?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपण एखाद्याचे कष्ट काढून घेतो तेव्हा त्या कष्टांच्या आधाराने उभा असलेला त्याचा दिवसही काढून घेतो, हे सोलर विकणारा सांगत नाही. सोलर सुरू झाला त्या पहिल्या पहाटेही ती सव्वातीनलाच उठली, आणि गार बंबाशेजारी पाटावर जाऊन बसली. मी म्हटले, “आई, इथे गारठ्यात कशाला? आत येऊन बस.” आठवडाभर आली नाही. नंतर एके दिवशी शाल घेऊन तालमीच्या खोलीत दाराशी बसली. मी ललत गात होतो. थांबलो तेव्हा म्हणाली, “हे या ठिकाणी मध्यमावर इतके रेंगाळत नसत. न्हाणीत ऐकू यायचे तेवढे सांगते, मला काही कळत नाही.”

मी अण्णांची जुनी ध्वनिफीत काढून ऐकली. तिचे बरोबर होते. पन्नास वर्षे न्हाणीत बसून तिने जे ऐकले होते ते आम्हा मुलांनी समोर बसूनही तितके ऐकले नव्हते. आता ती रोज येते. खोकला पूर्ण गेलेला नाही; इतक्या वर्षांचा तो इतक्यात जाणारही नाही. पण तो आला की कोणी तिला ओटल्यावर पाठवत नाही. आम्ही थांबतो.

बंब ही आपली परंपरा आहे, ती मोडू नये, असे मला काही वडीलधाऱ्यांनी ऐकवले. त्यांच्याविषयी आदर ठेवून मला म्हणायचे आहे की परंपरा पहाटेच्या स्नानाची आहे, रियाजाची आहे, नरक चतुर्दशीच्या अभ्यंगाची आहे, धुराची नाही. सयाजीराव महाराजांनी १८९२ साली आजव्याचे पाणी नळाने शहरात आणले, तेव्हा विहिरीवरून घागरी वाहण्याची परंपरा मोडलीच होती. ती पुन्हा सुरू करावी असे आज एकही वडीलधारा म्हणत नाही. आणि घागरी वाहणाऱ्या आजीला कोणी विचारले असते तर तिनेही म्हटले नसते. बंबाचे गोडवे गाणाऱ्यांत मला पुरुषच अधिक भेटले. माझी त्यांना एकच विनंती आहे. येत्या हिवाळ्यात लागोपाठ आठ पहाटे सव्वातीनला उठून बंब आपल्या हाताने पेटवावा: राख काढण्यापासून फुंकणीपर्यंत. नवव्या दिवशीही बंबच हवा असे वाटले, तर खुशाल ठेवावा. मात्र पेटवण्याचे काम स्वतःकडेच ठेवावे. मग माझी काही तक्रार नाही.

आमचा बंब आम्ही मोडीत दिलेला नाही. कंसाऱ्याकडून नवी नळी घालून घेतली. वर्षातून तो दिवाळीच्या दिवसांत पेटतो, आणि पाणी ओतायला नातवंडांची रांग लागते. जळण आदल्या दिवशी मी फोडतो, न्हाणीची खिडकी सताड उघडी ठेवतो, आणि पेटवतोही मीच. आई त्या दिवशी उशिरा, म्हणजे साडेचारला उठते, आणि तिचे घंगाळ मी भरून ठेवलेले असते.